निम्म्या खाडीपर्यंत

१९५८ सालच्या दिवाळीनंतरच्या आठवड्यात आमच्या दैनिकाचे मुख्य उपसंपादक रेवदंड्याच्या खाडीतून भाड्याच्या मोटरहोडीने पलीकडे गेले. होडीत तीन माणसे होती: ते, त्यांची पत्नी आणि मी. होडी त्यांनी स्वतः हाकली. त्यांना होडी हाकता येत नव्हती. कोणी बुडाले नाही.

हा मजकूर त्यांच्या टेबलावर गेला असता तर 'कोणी बुडाले नाही' हे वाक्य त्यांनी उचलून सर्वात वर नेले असते, आणि मला विचारले असते, "कोण म्हणतं?"

हे दोन शब्द ते दिवसभर वापरत. बाहेर पाऊस सुरू झाला असे शिपायाने सांगितले तरी ते मान वर न करता विचारत, "कोण म्हणतं?" मग उठून खिडकीबाहेर हात काढत, हात भिजला की पुसत आणि छत्री जवळ ओढून ठेवत. 'समजते', 'कळते', 'असे बोलले जाते' हे शब्द आमच्या पेपरात छापायला बंदी होती. कोणाला समजते, कोणाकडून कळते, कोण बोलतो, हे लिहिता येत नसेल तर बातमी लिहायची नाही. आणि प्रत्येक गोष्ट दोघांनी सांगायला हवी. त्या दोघांची एकमेकांशी ओळख नसेल तर अधिक चांगले.

एकदा गिरगावातले एक जुने व्यापारी वारल्याचा फोन आला. थोड्या वेळाने दुसरा आला. दोन्ही फोन करणारे एकाच पेढीवरचे निघाले, म्हणून यांनी मला व्यापाऱ्यांच्या घरी पाठवले. दार खुद्द व्यापाऱ्यांनीच उघडले. काय विचारावे ते मला सुचेना, म्हणून मी प्यायला पाणी मागितले. त्यांनी ते दिले. दुसऱ्या दिवशी दोन पेपरांत त्यांच्या निधनाची बातमी होती, आमच्यात नव्हती. ते खरोखर वारले त्याच आठवड्यात. आम्ही बातमी दिली तेव्हा मुख्य उपसंपादकांनी मला बोलावून घेतले आणि इतकेच म्हणाले, "पाणी कसं होतं?"

ते सडपातळ होते, उंच होते, आणि चालताना थोडे उजवीकडे झुकत. न्हाव्याकडे गेले की आरसा स्वतःच्या हातात धरत. टॅक्सीत बसायची वेळ आली तर ड्रायव्हरच्या शेजारी बसत आणि रस्त्याकडे न पाहता त्याच्या पायांकडे पाहत. ऑफिसातली लिफ्ट त्यांनी कधी वापरली नाही. लिफ्टमन म्हातारा आणि भला माणूस होता, त्याला वाईट वाटे. एकदा त्याने विचारलेच, "साहेब, माझ्यावर विश्वास नाही का?" ते म्हणाले, "तुमच्यावर आहे. दोरीवर नाही. दोरी माझ्या हातात नसते." आणि ते जिना चढू लागले.

पाण्याच्या बाबतीत हे सर्वात जास्त होते. सत्तेचाळीसच्या पावसाळ्यात मुंबईहून रेवसला निघालेली प्रवासी बोट बुडाली, तेव्हा ते बातमीच्या टेबलावर होते. मी त्या वेळी नोकरीत नव्हतो. पुढचे मी छापखान्याच्या फोरमनकडून ऐकले. माणसे जिना चढून वर येत आणि आपापल्या माणसाचे नाव घेऊन विचारत. हे प्रत्येकाला उभे राहून उत्तर देत: "अजून खात्री नाही." ज्यांची खात्री झाली त्यांच्या घरच्यांना त्यांनी स्वतः सांगितले, दुसऱ्या कोणाला सांगू दिले नाही. त्या दिवसांचा उल्लेख त्यांनी माझ्याजवळ कधी केला नाही. त्यानंतर अकरा वर्षे ते कुठल्याही बोटीत, होडीत किंवा तरीत बसले नव्हते. या दोन गोष्टी त्यांनी एकमेकींना जोडल्या नाहीत. मीही जोडत नाही.

अडचण अशी होती की त्यांच्या पत्नीचे, म्हणजे वहिनींचे, माहेर रेवदंड्याच्या खाडीपलीकडे होते. सासऱ्यांची तिथे नारळ-सुपारीची वाडी होती. लग्नाला हे होडीतूनच गेले होते. सत्तेचाळीसनंतर दर दिवाळीला ते वहिनींना घेऊन पनवेल, पेण, अलिबाग असा वळसा घालत एस.टी.ने रेवदंड्यापर्यंत येत, बंदराजवळ एका बागेतल्या दोन खोल्या घेत आणि तिथेच राहत. वहिनी तरीने, म्हणजे रोजच्या उतारूंच्या होडीने, एकट्या पलीकडे जात. पहिली काही वर्षे सासरे स्वतः तरीने अलीकडे येत, जावयाबरोबर जेवत आणि परत जात. जावई का येत नाही, हे त्यांनी कधी विचारले नाही. त्यांचे पाय थकल्यावर तेही थांबले.

मग एक रीत पडली. संध्याकाळी ऊन उतरले की हे बंदराच्या टोकाला जाऊन उभे राहत आणि आपली काळी छत्री तीनदा उघडून मिटत. पलीकडच्या काठावर पांढरे उपरणे हले की छत्री काखेत मारून घरी येत. खाडी तिथे बरीच रुंद आहे. तोंड दिसत नाही, हाक पोहोचत नाही, उपरणे दिसते. सासरे-जावयांची भेट बरीच वर्षे अशी चालली होती.

त्या दिवाळीला मी त्यांच्याबरोबर होतो. माझे गावाकडे कोणी उरले नव्हते, म्हणून वहिनींनी मला बोलावले होते. पहिल्या संध्याकाळी आम्ही दोघे बंदरावर गेलो. यांनी छत्री उघडली, मिटली. पुन्हा उघडली. पलीकडे काठावर एक माणूस उभा होता, हे मलाही दिसत होते. उपरणे हलले नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनींचा धाकटा भाऊ तरीने आला. तो म्हणाला, "भावोजी, बाबा काल उभे होते काठावर. छत्री उघडली का, उघडली का, म्हणून मलाच विचारत होते. मी हो म्हणेपर्यंत तुम्ही गेलात."

"त्यांना दिसली नाही?"

"नाही. आता उजेडात, अगदी जवळ आलं तर माणूस ओळखतात. तेही संक्रांतीपर्यंत राहील असं नाही."

"कोण म्हणतं?" यांनी विचारले.

"अलिबागचे डॉक्टर," भाऊ म्हणाला. "आणि बाबा स्वतः."

भाऊ गेल्यावर यांनी मला सांगितले, "इथे मशीनची होडी भाड्याने मिळते का, याची चौकशी करा. दोघांकडे करा."

मी म्हटले, "उतारूंची तर आहे की रोजची. वहिनी जातातच."

"ती दुसरा माणूस चालवतो," ते म्हणाले.

मशीनची होडी गावात एकच होती, दाऊदभाईंची. दाऊदभाई आगबोटीवर इंजिनखात्यात तेलवाले होते. नोकरी संपल्यावर त्यांनी एक जुने मशीन बरोबर आणले आणि ते आपल्या लहान होडीच्या मागच्या फळीला लावले. सुट्टीत मुंबईची माणसे येत, त्यांना कोर्लईचा किल्ला दाखवायला ते नेत. होडी कोणाच्या एकट्याच्या हाती त्यांनी कधी दिली नव्हती.

"चालवायला कोण, साहेब?" त्यांनी विचारले.

"मी."

"आधी चालवली हाय?"

"नाही."

"पोहता येतं?"

"नाही."

दाऊदभाईंनी माझ्याकडे पाहिले. "आणि ह्यांना?"

"त्यांनाही नाही," हे म्हणाले. "म्हणूनच त्यांना घेतोय. ते लक्ष देतील."

दाऊदभाई हसले, पण नाही म्हणाले. मग वहिनी बाहेर आल्या. दाऊदभाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिले, दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बरं. चार दिवस माझ्यासंगती शिका. मग बघू. अल्लाची मर्जी."

शिकवणी वाळूत सुरू झाली. ओहोटीला होडी कोरड्या वाळूवर असे आणि मशीन दाऊदभाईंच्या घरी गोणपाटात गुंडाळलेले असे. पाण्यात जाण्याआधी सगळे हाताला बसले पाहिजे, असे यांचे म्हणणे. ते होडीत मागच्या फळीवर बसले, मशीनच्या दांड्याच्या जागी त्यांनी छत्री धरली आणि ते वळू लागले. डावीकडे वळायचे तर दांडा उजवीकडे ढकलायचा असतो. ही गोष्ट त्यांना पटत नव्हती.

"हे उलटं आहे," ते म्हणाले. "मला मान्य नाही."

"तुम्हाला मान्य नसलं तरी होडी तशीच जाते, साहेब," दाऊदभाई म्हणाले.

कोळणी बाजाराला निघाल्या होत्या. त्यांनी डोक्यावरच्या पाट्या सावरत हा प्रकार पाहिला. एकीने ओरडून विचारले, "ओ पेपरवाले, होरी रेतीत कवापासून चालाय लागली?"

दुसरी म्हणाली, "मुंबईला पोचलाव का न्हाय अजून?"

"अजून खात्री नाही," हे गंभीरपणे म्हणाले आणि छत्री उजवीकडे ढकलून डावीकडे वळले. कोळणींना हे उत्तर इतके आवडले की त्या आठवड्यात बाजारात कोणी काही विचारले की त्या तेच उत्तर देऊ लागल्या. "पापलेट ताजा हाय ना गो?" "अजून खात्री न्हाय!"

पण कोळ्यांशी त्यांचे बिनसले. ते सकाळी बंदरावर जात आणि निघणाऱ्या प्रत्येक होडीला विचारत, "कुठे निघालात? परत कधी?" बातमीदाराचे हे पहिले दोन प्रश्न. पहिल्याच सकाळी एका नाखव्याने हे ऐकले, हातातले वल्हे खाली ठेवले, होडीतून उतरला आणि वाळूत जाऊन विडी पेटवून बसला.

"काय झालं?" यांनी विचारले.

"कुठं म्हनून इचारलंव तुमी," नाखवा म्हणाला. "आता बसतो घटकाभर."

होडीतला दुसरा म्हणाला, "सकालच्या पारी त्वांड बांधून येत जा वो जरा."

दुपारी त्यांनी वहिनींना विचारले. वहिनी भात गाळत होत्या. त्या म्हणाल्या, "निघणाऱ्याला कुठे म्हणून विचारत नाहीत. अपशकुन धरतात."

"मग काय विचारायचं?"

"काही नाही. परत आला की विचारायचं."

"परत आल्यावर विचारून मला काय उपयोग?"

"तुम्हाला नसेल. त्याच्या बायकोला आहे," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी यावर विचार केला. दुसऱ्या दिवसापासून ते बंदरावर गप्प उभे राहू लागले. पण कोळ्यांचा विश्वास उडालेला होता. छत्री लांबून दिसली की ते होड्या घाईघाईने पाण्यात ढकलत. त्या आठवड्यात रेवदंड्याच्या होड्या जितक्या वेळेवर सुटल्या तितक्या पुन्हा सुटल्या नाहीत, असे दाऊदभाई पुढे बरीच वर्षे सांगत.

तीन दिवस त्यांनी दाऊदभाईंबरोबर काठाकाठाने होडी चालवली. दोरी गुंडाळून ओढायची, मशीन धुराचा लोट सोडून सुरू व्हायचे आणि यांचा चेहरा पांढरा व्हायचा. दांडा ते दोन्ही हातांनी धरत. कोणी बोललेले त्यांना चालत नसे. एकदा समोर बगळा उडाला, तेव्हा त्यांनी होडी सरळ वाळूत घातली. पण दाऊदभाई उडी मारून उतरले आणि म्हणाले, "साहेब, भितात तुम्ही, पण हात सोडत नाय. ते बरं हाय."

पाचव्या दिवशी पलीकडे जायचे ठरले. वहिनींनी पाटावर नारळाच्या वड्या थापल्या आणि डब्यात भरल्या. दाऊदभाईंनी बरोबर यायची तयारी दाखवली. यांनी नको म्हटले. "एका पानावर दोन संपादक नकोत."

पाणी कधी फिरणार, हे त्यांनी दोघांना विचारले. दाऊदभाई म्हणाले, आज दुपारच्या नमाजापर्यंत भरती आहे, त्याच्या आत पलीकडे लागा. तरवाला म्हणाला, देवळात नैवेद्याची घंटा झाली की पाणी फिरेल. नमाज आधी की घंटा आधी, हे यांना नक्की करायचे होते. ते मशिदीपाशी जाऊन विचारून आले, मग देवळात जाऊन पुजाऱ्यांना विचारून आले. दोन्ही जवळजवळ एकाच वेळी होते. मग त्यांनी होडीच्या फळ्या बोटांनी दाबून पाहिल्या, वल्ही उचलून पाहिली, पाणी उपसायचा डबा उलटा करून पाहिला. पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडून त्यांनी आत पाहिले, पुन्हा लावले, आणि झाकणावर एक छोटा स्क्रू सैल दिसला तो आवळून टाकला. आम्ही निघालो तेव्हा घंटा वाजत होती.

वहिनी पुढे बसल्या, मी मध्ये, हे मागे. दाऊदभाईंनी काठावरून मशीनकडे पाहिले आणि मग वहिनींकडे पाहून मान हलवली. मशीन सुरू झाले.

खाडीचा पहिला भाग चांगला गेला. ऊन होते, वारा नव्हता. हे समोरच्या काठावरच्या एका माडाकडे पाहत होते आणि दुसरीकडे कुठेही पाहत नव्हते. दांडा त्यांनी इतका घट्ट धरला होता की बोटांची पेरे पांढरी झाली होती. मधोमध आल्यावर त्यांचे खांदे जरा खाली आले. ते मला म्हणाले, "जमतंय, नाही?"

मशीन दोनदा खोकले आणि थांबले.

यांनी दोरी गुंडाळून ओढली. मशीन एकदा गुरगुरले. पुन्हा ओढली, तेही नाही. मशीन थांबल्यावर खाडीचा आवाज ऐकू येऊ लागला. फळ्यांखालून पाणी जात होते. रेवदंड्याचा किल्ला हळूहळू मागे सरकत होता आणि कोर्लईचा डोंगर पुढे येत होता. आम्ही समुद्राकडे चाललो होतो. ओहोटी लागली होती.

यांनी दोरी खाली ठेवली. दांडा मात्र सोडला नाही. बंद मशीनचा दांडा दोन्ही हातांनी धरून ते बसून राहिले. ओठ हलत होते. काय म्हणत होते, ते ऐकू आले नाही. मी डब्याने पाणी उपसू लागलो. होडीत उपसण्याइतके पाणी नव्हते.

वहिनी उठल्या. "सरका," त्या मला म्हणाल्या. मी पुढे सरकलो. त्यांनी लुगड्याचा ओचा वर खोवला, मधल्या फळीवर बसल्या, दोन्ही वल्ही आकड्यांत अडकवली आणि पहिले वल्हे मारले. होडी वळली.

"तुला येतं?" यांनी विचारले.

"लग्न होईपर्यंत या खाडीतून बाबांचे नारळ मीच पोचवायचे. दादा होडीत बसला की ओकायचा."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही गावाला विचारलंत. दाऊदभाईंना विचारलंत, तरवाल्याला विचारलंत, भटजींना विचारलंत." वहिनींना धाप लागत होती, पण वल्ही एका लयीत चालत होती. "मला विचारलंत?"

यांनी दांडा आणखी घट्ट धरला.

"पाण्याच्या अंगावर जायचं नाही," वहिनी म्हणाल्या. त्या कोणाला सांगत होत्या, कळले नाही. "तिरकं जायचं. ते नेईल तिकडे नेऊ दे, आपण काठ गाठायचा. तो दांडा सोडा आता. तुम्ही दाबून धरलाय म्हणून होडी उजवीकडे खेचतेय."

हे वहिनींकडे पाहत राहिले. होडी हेलकावली, पाण्याचा एक झोत आत आला आणि त्यांच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत भिजल्या.

"अहो, सोडा."

त्यांनी दांडा सोडला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मग मागची फळीही सोडून ते खाली, होडीच्या तळात, वहिनींच्या पायांशी बसले आणि त्यांच्या हातांकडे पाहू लागले. काठ लागेपर्यंत ते तसेच बसले होते.

आम्ही ठरल्या जागेपासून बरेच खाली, कोर्लईच्या बाजूला लागलो. चिखल होता. हे आधी उतरले, मांड्यांपर्यंत बुडाले, आणि होडीला धरून वहिनींना हात दिला. त्यांनी तो घेतला, गरज नव्हती तरी. होडी ओढून घेतल्यावर ते मशीनपाशी गेले आणि झाकणावरचा स्क्रू सैल करून पाहिला. आत हवा गेल्याचा बारीक आवाज आला. तो स्क्रू हवेसाठी होता. तो आवळला तर पेट्रोल खाली उतरत नाही. त्यांनी दोरी ओढली. मशीन पहिल्या ओढीला सुरू झाले. त्यांनी ते बंद केले.

"हे मी केलं," ते मला म्हणाले. "सुरक्षित म्हणून."

वाडीपर्यंत आम्ही काठाने चालत गेलो. सासरे ओट्यावर बसले होते. पावलांचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली.

"कोण?"

"मी, बाबा," वहिनी म्हणाल्या.

"तू गं. आणि आणखी कोण आहे?"

हे ओट्याच्या पायरीशी उभे होते. म्हाताऱ्याने हात पुढे केला. तो यांच्या बाहीला लागला. त्यांनी कापड बोटांत धरले, दाबले, बोटे नाकाशी नेली.

"खारं पाणी," ते म्हणाले. "पाण्यावरून आलात?"

"हो."

"होडी कोणी आणली?"

"निम्म्या खाडीपर्यंत मी," हे म्हणाले. "पुढे तुमच्या मुलीनं."

म्हातारा हसला. त्याला खोकला येईपर्यंत हसला. "तिनं आणली होय! तिच्या हाताला सांगावं लागत नाही. ओकला का कोणी?"

"नाही," मी म्हटले.

"हे कोण?"

"आमच्या पेपरातले," यांनी सांगितले.

"बरं. तुम्ही इकडे या. इथे, उन्हात."

हे ओट्यावर चढले. ऊन ओट्याच्या कडेपर्यंत येत होते. सासऱ्यांनी त्यांना दोन्ही दंडांना धरून त्या उन्हात उभे केले, तोंड खाली ओढून आपल्या तोंडाजवळ आणले आणि पाहिले. बराच वेळ पाहिले. वहिनी दारात उभ्या होत्या. आत कोणीतरी चुलीवर पाणी ठेवत होते.

"केस पिकले की तुमचे," सासरे म्हणाले.

"हो."

"मिशी काढलीत?"

"बरीच वर्षं झाली."

"छत्री उघडायचात तेव्हा मी म्हणायचो, माणूस तोच दिसतो." त्यांनी दंड सोडले नाहीत. "वाळला आहात. जेवता की नाही?"

"जेवतो," हे म्हणाले.

"कोण म्हणतं?" दारातून वहिनी म्हणाल्या.

आम्ही त्या रात्री तिथे राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दाऊदभाई तरीने पलीकडे आले. त्यांनी आधी मशीन पाहिले, मग होडी, मग आम्हाला. हे त्यांना स्क्रूचे सांगू लागले. दाऊदभाई म्हणाले, "ते राहू द्या. मी होडी तुम्हाला दिलीच नव्हती, साहेब. बायला दिली होती. लहानपणी ही एकटी खाडी पार करायची, मी बघितलंय. नायतर तुमच्या हाती मी सायकलसुद्धा देणार नाय."

होडी दाऊदभाई घेऊन गेले. हे चार दिवस वाडीत राहिले. सासऱ्यांना त्यांनी पेपर वाचून दाखवले, आमचा आणि दुसऱ्यांचेही, आणि दुसऱ्यांच्या प्रत्येक चुकीला थांबले. सासऱ्यांना याचा फार आनंद होई. ते मुद्दाम विचारत, "ही तरी खरी आहे का हो?" परत यायच्या दिवशी आम्ही सगळे तरीने आलो. तरवाल्याने सुकाणू धरले होते. हे मध्ये बसले. अर्ध्या खाडीत त्यांनी डोळे मिटले आणि वहिनींच्या मनगटावर हात ठेवला. अलीकडे उतरल्यावर डोळे उघडले.

सासऱ्यांची दृष्टी संक्रांतीच्या आधीच पूर्ण गेली. त्यानंतर हे महिन्यातून एकदा रजा घेऊन पलीकडे जाऊ लागले. ऑफिसात कोणी विचारले तर सांगत, "पेपर वाचायला."

सासरे चैत्रात वारले. त्या वेळी मुख्य उपसंपादक वाडीतच होते. रजा वाढवण्यासाठी त्यांची तार ऑफिसात आली. पलीकडे तारघर नव्हते. तार करायला ते तरीने रेवदंड्याला आले आणि तरीनेच परत गेले. तरीत ते एकटे होते, वहिनी बरोबर नव्हत्या.